‘गेला’ म्हणायचं नाही

दगडूच्या पोटात सुरा मुठीपर्यंत रुतला होता आणि डॉक्टर वासंती केणी शिकवत होत्या.

"काढायचा नाही. चारी बाजूंनी पट्ट्या लावून घट्ट धरायचा आणि तसाच मुंबईला पाठवायचा. काढलास की बूच निघालं म्हणून समज."

नंदिनीने मान हलवली. ती नवी इंटर्न. तिचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते, पण पट्ट्या नेमक्या बसत होत्या. बाईंना ते आवडलं.

कल्याणच्या त्या कॅज्युअल्टीत इंटर्नच्या कितीतरी बॅचेस वासंतीबाईंच्या हाताखालून गेल्या होत्या. पुस्तकं कॉलेजात शिका, माणसं इथे शिका, असं त्या म्हणत. त्यांचा पहिला धडा औषधाचा नव्हताच, शब्दाचा होता. पेशंट मुंबईला हलवला तर नातेवाइकांना ‘गेला’ म्हणायचं नाही, ‘पाठवला’ म्हणायचं. ‘गेला’ ऐकून एका बाईने याच दारात बांगड्या फोडल्या होत्या आणि तिचा नवरा मुंबईच्या वॉर्डात चहा पीत बसला होता.

दगडूचं प्रकरण शीळफाट्याजवळच्या जमिनीचं. सकाळी वाद झाला, दुपारी कोयते निघाले. त्याला घेऊन आलेला रिक्षावाला एवढंच सांगत होता की, कुणीतरी याला आत टाकलं आणि तो माणूस पळत सुटला.

अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना दगडूचे ओठ हलले. "विश्राम... विश्राम..."

"नाव लक्षात ठेव," बाई नंदिनीला म्हणाल्या. "अशा वेळी माणूस उगाच कुणाचं नाव घेत नाही. पोलिसांना लागेल."

मागच्या फाटकातून अॅम्ब्युलन्स निघाली आणि पुढच्या दारातून तिघे घुसले. हातात उघडे कोयते, शर्टांवर रक्त. अडवायला गेलेल्या वॉर्डबॉयला थोरल्याने लाथेने भिंतीवर फेकलं. त्याचे दोन दात तिथेच पडले.

वासंतीबाई दारात उभ्या राहिल्या. भीती त्यांनाही वाटली. पण नातेवाईक त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. नातेवाईक रडतात, छाती पिटतात, डॉक्टरांचे पाय धरतात. या तिघांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला आले होते. आणि अॅम्ब्युलन्स अजून पत्री पुलाच्या गर्दीत असणार. रिक्षेनेसुद्धा गाठता आली असती.

"दगडू जिता हाय का?" थोरल्याने विचारलं.

नंदिनीने तोंड उघडलं. त्याआधीच बाई म्हणाल्या, "गेला."

खोटं काय त्यात? गेलाच होता, पत्री पुलापर्यंत.

थोरल्याच्या हातातला कोयता खाली आला. "कुनाचा नाव घेतलान का?"

म्हणजे आपलं नाव फुटलं का, याची धास्ती. घाबरवलं की पळतील, असा बाईंनी हिशेब केला. "घेतलं. विश्रामचं. पोलिसांनाही कळवतोय."

"विश्राम?" थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. "आमचा विश्राम?"

"तोच."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आले तसे निघून गेले. प्रेत बघायलाही मागितलं नाही.

"शब्द कुठे वापरायचा नाही ते तुला शिकवलं होतं," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "आज कुठे वापरायचा तेही बघितलंस."

संध्याकाळी मुंबईहून फोन आला. सुरा काढला, दगडू वाचला. बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्यांनी सगळ्यांसाठी बटाटेवडे मागवले.

वडे संपायच्या आत हवालदार एक प्रेत घेऊन आला. मान अर्धी तुटलेली, दोन्ही हातांवर कोयत्याचे वार.

"भला माणूस हो, मॅडम," हवालदार म्हणाला. "दुपारच्या त्या दगडूचा मेव्हणा. यानेच दगडूला खांद्यावर टाकून रिक्षात घातलं आणि उलटा पळत मारेकऱ्यांना अडवायला गेला. त्यांच्या तावडीतून सुटला, तर घरी हे झालं."

"नाव काय याचं?" बाईंनी विचारलं.

"विश्राम."

नंदिनीने हातातला वडा खाली ठेवला. "कुणी मारलं?"

"दगडूच्या तिघा सख्ख्या भावांनी. चौकीत बसून ढसाढसा रडतायत. म्हणतात, मरताना दगडूनेच याचं नाव सांगितलं."