शेवटची गाडी

पाचवी गाडी येऊन गेली, आणि सहावी काही येईना.

हार्टविग फाट्यावर आपल्या मोटरसायकलला टेकून उभा होता. हेल्मेट त्याने काढलंच नव्हतं. आता येईलच ती, पुन्हा चढवायचा खटाटोप कशाला, म्हणून. सहावी गाडी त्याच्या मुलीची होती, फेरेनाची. वय तेवीस, आणि डोंगरातली ही तिची पहिलीच लांबची सफर.

मोटरसायकलवरून एकत्र फिरणाऱ्या या मित्रांची पद्धत ठरलेली होती. सगळ्यांत पुढे ओटमार. तो जिथे वळेल तिथे त्याच्या पाठचा गाडीवाला थांबणार, मागून येणाऱ्यांना हाताने वळण दाखवणार, आणि शेवटची गाडी आल्याशिवाय जागा सोडणार नाही. टायरोलच्या डोंगरी आडवाटांवर एकोणीस वर्षं ते असेच फिरत होते आणि आजवर एकही माणूस चुकला नव्हता. पद्धत बसवली होती हार्टविगनेच. फेरेना सात वर्षांची असताना तिलाही त्याने ती अंगणात सायकलवर घोटून शिकवली होती.

"डावीकडे खिंड," त्याला इथे सोडताना ओटमार म्हणाला होता. "सरळ कुणाला जाऊ देऊ नकोस. ऑगस्टच्या पुरात पूल गेलाय. आणि 'रस्ता बंद'ची पाटी बघ, लाकडाच्या ट्रकवाल्यांनी चरात लोळवलीय."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही रे. तुझं सगळं लक्ष मागे असतं ना, म्हणून बोललो."

खोटं नव्हतं ते. सकाळी निघतानाच बापलेकीची जुंपली होती. शेवटच्या माणसाने पिवळं जाकीट घालायचं, आणि ते फेरेनाला हवं होतं.

"माझ्या पुढे राहा," हार्टविग म्हणाला. "डोळ्यांसमोर असशील."

"बाबा, मी गाडी चालवायला आलेय. तुला दिसायला नाही."

"दे रे तिला ते जाकीट!" ओटमारने फोडणी घातली. "नाहीतर तिच्या मधुचंद्रालाही तू मागून हेल्मेट घालून जाशील."

सगळे हसले. हार्टविगने जाकीट दिलं, पण तोंड वाकडं करूनच. बायको दारात उभी होती. ती हसली नव्हती. "नेतोयस तशी आण," एवढंच म्हणाली.

आणि आता पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. पाचव्या गाडीवरच्या झेप्पला त्याने हटकलं, तर तो म्हणाला, "चर्चपर्यंत दिसत होती की आरशात! येईल रे." आणि गेला वर, जेवणाच्या ओढीने.

फोनला रेंज नव्हती. जंगलात कुठेतरी करवत सुरू झाली की त्याला तिच्याच गाडीचा आवाज वाटे, आणि दर वेळी तो फसे. खाली चार किलोमीटरवर एक वळण होतं. डांबरावर बारीक खडी पसरलेली, आणि कठडा गुडघ्याएवढा. तिथे त्याचंच मागचं चाक सरकलं होतं. थांबून तिला सांगायला हवं होतं. का नाही थांबलो? आपल्या पोरीला आपणच शेवटी ठेवलं, आणि काय ते चार जण हसले म्हणून!

पण जागा सोडायची म्हणजे काय? लघवीसाठी वीस पावलं बाजूला गेला म्हणून याच झेप्पला त्याने एकदा चारचौघांत झापलं होतं.

आणखी पाच मिनिटं गेली.

रस्ता एकच होता. ती येत असेल तर समोरच भेटेल, आणि येत नसेल तर तिला त्याची गरज आहे. हार्टविगने गाडी फिरवली.

उतारावर तो प्रत्येक कठड्यापलीकडे डोकावत चालला. खडीच्या वळणावर उतरला आणि खाली पाहिलं. पाणी, दगड, एक फाटकी ताडपत्री. पिवळं काही नव्हतं. तरी त्याने कठड्यावरून वाकून पुन्हा एकदा पाहिलं आणि मगच गाडी सुरू केली.

गावाच्या अलीकडे घंटा ऐकू आल्या. उन्हाळा संपवून गाई कुरणांवरून खाली येत होत्या, कपाळाला फुलांचे मुकुट बांधलेल्या, आणि रस्ता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून गेला होता. कडेला काठी घेऊन एक म्हातारी उभी होती.

"आजी! एक मुलगी पाहिलीत का? पिवळं जाकीट, मोटरसायकलवर, एकटीच?"

"न पाहून कसं चालेल?" म्हातारी म्हणाली. "अर्धा तास माझ्या गाईंत अडकली होती. एकीने जाकीट चाटून पार ओलं करून ठेवलं, तरी पोरगी आपली हसतेय."

"कुठाय ती?"

"गेली की! या गाईबायांना कसली घाई? शेवटी मीच तिला आमच्या गवताच्या वाटेने वर काढून दिली. दहा-बारा मिनिटं झाली असतील. वाट फाट्याच्या जरा खाली याच रस्त्याला लागते. एव्हाना पोचलीसुद्धा असेल."

हार्टविगने हेल्मेट काढलं आणि तो भिंतीवर बसला. त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. पोरगी धडधाकट होती. अर्धा तास त्याने तिला मनात किती वेळा दरीत लोटलं होतं, आणि ती गाईंशी खेळत होती! आता ओटमार वर्षभर चिडवेल. चिडवू दे, खुशाल चिडवू दे.

"अहो, रडताय काय?" म्हातारीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मलाही काळजी वाटली हो. मी तिला म्हटलंसुद्धा, वर फाटा आहे बाई, चुकशील. तर म्हणते कशी, 'चुकेन कशी आजी? बाबा आहे ना पुढे! वळायचं असेल तिथे तो उभा असतो. कुणीच उभं नसेल, तर बिनधास्त सरळ जायचं.'"