चार नंबरचं पहिलं पान

चार नंबरच्या फायलीला पहिलं पानच नव्हतं.

"झेरॉक्सला गेलंय," सिस्टर म्हणाली.

"कधी?"

"आठ दिवस झाले. येईल."

तपासनीसाने मान डोलावली. इस्पितळांच्या नोंदी तपासण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. झेरॉक्सला गेलेल्या पानाची वाट पाहायची असते, चौकशी करायची नसते, एवढं ज्ञान त्याला त्यातून मिळालं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. वॉर्ड जेवून पेंगत होता. पांढरे पडदे फुगत होते, बसत होते, जणू खोलीच झोपेत श्वास घेत होती. सलाइनचे थेंब इतक्या निवांतपणे पडत होते की त्यांनाही सुट्टी असावी. तपासनीसाच्या पापण्या जडावल्या. तेवढ्यात दुसऱ्या पानाने त्याला खडबडून जागं केलं.

'रुग्णास आजाराची कल्पना दिलेली नाही. नातेवाइकांची इच्छा.' खाली नातेवाइकाची सही; मुंगी शाईत पडून तशीच घरी निघाल्यासारखी.

"हे चालायचं नाही, सिस्टर."

तो तसा खेळीमेळीचा माणूस होता. पण बारा वर्षांपूर्वी असंच एक पान त्याने स्वतः सही करून दिलं होतं. आई विचारायची, "मला झालंय तरी काय रे?" आणि तो सांगायचा, "पित्त." अगदी शेवटच्या दिवशीही त्याने पित्तच सांगितलं. तेव्हापासून असली फाईल त्याने एकदाही सोडली नव्हती.

"रुग्णाला सांगायचं आणि सही घ्यायची. आजच, माझ्यासमोर. नाहीतर अहवालात तुमचं नाव जाईल. नोकरीवर बेतेल."

सिस्टरचा चेहरा उतरला. "साहेब, जरा बाजूला या ना. एक सांगायचंय."

"रुग्णाच्या देखत कुजबुजायचं नाही. नियम सातवा."

"अहो, पण साहेब..."

"सातवा."

चार नंबरची खाट खिडकीपाशी होती. तीन उशांना टेकून आजोबा शब्दकोडं सोडवत होते. गाल गुलाबी, पोट तृप्त. शेजारच्या स्टुलावर आजी मोजा विणत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, उन्हात धरलं तर पलीकडचं दिसेल अशा. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

"ह्यांना का टोचलंय?"

"सोबतच्या माणसांनाही टोचतो," सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाली. "खबरदारी म्हणून."

तपासनीसाने वहीत 'स्तुत्य' असं लिहिलं.

वही दिसताच आजोबा कण्हले. "आई गं!"

"आत्ता तर आडवा शब्द सापडला म्हणून टाळी मागत होतात," आजी म्हणाल्या. "तुमच्या कळा माणूस बघून येतात."

"बघा साहेब. पंचेचाळीस वर्षं अशीच माया करते."

तपासनीसाला हसू आलं, ते त्याने गिळलं. "आजी, तुम्ही जरा बाहेर थांबता का? रुग्णाची माहिती फक्त रुग्णाला. नियम आहे."

"मी बाहेर?" आजींनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने छताकडे. "बरं बाई. नियम आहे तर जाते." खाटेचा कठडा धरत त्या उठल्या आणि पाण्यातून चालल्यासारख्या सावकाश दाराकडे गेल्या. "बसून बसून पाय मेले जड झालेत."

तपासनीसाने स्टूल ओढलं. बारा वर्षं तोंडात साठवलेली वाक्यं होती ती.

"आजोबा, आजार रक्ताचा आहे. औषधांनी दिवस वाढतील. किती, ते कुणीच सांगू शकत नाही."

आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. गालांवरचा गुलाबी रंग कुठेतरी निघून गेला.

"मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून."

"मग हे लपवताय कुणापासून?"

आजोबांनी हनुवटीने दाराकडे खूण केली. "तिच्यापासून. तिला कळलं तर ती इथे एक दिवस थांबायची नाही. घर, कुंड्या, मांजर... तिला हजार कामं. मी आडवा आहे म्हणून ती जागची हलत नाही. हे एवढं राहू द्या, साहेब."

रुग्णाला सगळं माहीत होतं. आणि आपला आजार कुणाला सांगायचा, कुणाला नाही, हा रुग्णाचा हक्कच असतो. नियमही शाबूत, माणूसही शाबूत. असं बावीस वर्षांत कधी जुळलं नव्हतं.

"मग इथे सही करा."

"मी?" आजोबा चाचरले. "मी केली तर चालेल?"

"तुम्ही नाही तर कोण करणार?"

सिस्टरला जोराचा खोकला आला. आजोबांनी सही केली. तपासनीसाला ती ओळखीची वाटली. पण एव्हाना त्याला सगळ्याच सह्या ओळखीच्या वाटायच्या. 'पूर्तता झाली,' असं लिहून त्याने आपली झोकदार सही ठोकली आणि तो स्टुलावरून उठला.

पडदा फुगला आणि त्याच्यामागून आजी आल्या, हातात घडी घातलेला कागद.

"झेरॉक्सवाला दारात भेटला. म्हणे, चार नंबरचं." कागद त्यांनी खाटेवर ठेवला नाही, तपासनीसाच्या मुठीत दिला. "तुम्हीच वाचा हो. मनातल्या मनात. नियम आहे ना?"

त्या स्टुलावर बसल्या, सुया हाती घेतल्या. आजोबांना एक ताजी कळ आली.

तपासनीसाने घडी उलगडली. नावाच्या रकान्यात बाईचं नाव होतं. वय एकाहत्तर, स्त्री. खाली आठ दिवसांपूर्वीची तारीख, रुग्णाची सही, आणि 'विशेष सूचना'समोर विणल्यासारखं बारीक अक्षर: 'आजार वाचला, समजला. उपचारांना संमती आहे. मला समजलं आहे, हे यजमानांना कळू देऊ नये. त्यांना खाटेवरून उठवू नये; बिचारे फार मनापासून आजारी पडले आहेत.'