नोटिशीखालची नावं

नोटिशीखाली कुणीतरी ‘बटाट्याचं सॅलड’ असं लिहिलं होतं.

रॉमेल जवळ गेला. सॅलडखाली ‘भरली अंडी – ट्रिश’, मग ‘मीटबॉल’, मग दुसऱ्या अक्षरात ‘मीटबॉल (माझे वेगळे आहेत)’. एकूण चौदा नावं. फळ्याला सुतळीने एक बॉलपेन बांधलं होतं.

नोटीस त्यानेच टाइप केली होती. धान्याच्या कोठारांचे पंखे आखणाऱ्या इंजिनिअरच्या जागेवर एका परदेशी माणसाला कायम ठेवण्यासाठी कंपनी अर्ज करत आहे, कुणाला काही सांगायचं असल्यास सांगावं. परदेशी माणूस म्हणजे तोच. ग्रीन कार्डाच्या आधी हा कागद कामाचे सलग दहा दिवस भिंतीवर राहावा लागतो. त्याऐवजी तो आठ महिने मालकाच्या, म्हणजे डेलच्या टेबलावर, पेंढा भरलेल्या माशाखाली राहिला. रॉमेल दर सोमवारी विचारायचा, “सर, तो कागद?” डेल दर सोमवारी म्हणायचा, “सर कसला रे, डेल म्हण. आपण घरचे ना?” शेवटी रॉमेलने मासा उचलला, कागद काढला, स्वतःच टांगला आणि पंखे बसवायला दीड आठवडा आयोवात गेला.

आज नववा दिवस. उद्या दहा भरले असते तर अर्ज शेवटच्या तारखेत बसत होता, अगदी काठावर. नाहीतर व्हिसाची सहा वर्षं संपणार आणि नेब्रास्का सोडून परत मायदेशी, इलोइलोला.

“लॉर्ना, ही जेवणाची यादी नाहीये.”

दाराशी बसणाऱ्या लॉर्नाने चष्म्यावरून पाहिलं. “काय सांगतोस! मी तर पेनसुद्धा बांधलं. दरवर्षी वर काहीतरी छापलेलं असतंच, वाचतंय कोण? शुक्रवारी जेवण आहे, ज्याने त्याने एक पदार्थ. तुझंच नाव राहिलंय बघ.”

तो बाहेर गाडीत जाऊन बसला. रोजचा डबाही तो तिथेच खायचा. त्याने वकीलबाईंना फोन लावला.

“पुसता येईल?” त्यांनी विचारलं.

“बॉलपेन आहे.”

“बरं, मालकाची सही तरी झाली का कागदावर?”

“झाली.”

“अरे वा! कुठे?”

“चिलीसमोर.”

“कशासमोर?”

“चिली. राजम्याची. कंसात ‘तिखट’ लिहिलंय.”

“उद्या सरकारने हा कागद मागितला तर मी काय दाखवू, मीटबॉल? नवीन लावा. दहा दिवस पहिल्यापासून.”

“मग तारीख जाते.”

“हो,” बाई म्हणाल्या. “जाते.”

तो आत आला तेव्हा डेल कॉफीचा मग घेऊन फळ्यापाशीच उभा होता. “अरे रॉमी! तुझ्या त्या नूडल्स आण बरं का. मागच्या वेळी मी तीनदा घेतल्या. आणि नाव लिही बाबा, नाहीतर लॉर्ना तुला मोजायची नाही.”

“डेल,” रॉमेल म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदाच. “वरचं वाचा.”

डेलने ओठ हलवत सगळं वाचलं. “चांगलं लिहिलंय की. कोण हा माणूस?”

“मी.”

“अरे, हाच का तो कागद! मग लागला की शेवटी.”

“आता पुन्हा लावावा लागेल. दहा दिवस.”

“मग लाव ना. घाई काय आहे?” डेलने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि तो आपल्या खोलीत गेला.

रॉमेल फळ्यासमोर उभा राहिला. कंपनीतल्या सगळ्यांची नावं त्या कागदावर होती, राखणदाराचंसुद्धा. त्याचं तेवढं नव्हतं. छापलेल्या भागातही नव्हतं, तिथे नुसतं ‘परदेशी माणूस’ होतं.

तळाशी एक ओळ रिकामी होती. सुतळी तिथपर्यंत पोचेना. मग त्याने पिना काढल्या, नोटीस खाली घेतली आणि फळ्यावर पेनाच्या टप्प्यात धरून सावकाश लिहिलं: ‘रॉमेल मकाराएग – नूडल्स’.

लिहून झाल्यावर त्याने कागद होता तिथेच परत लावला. या वेळी चारही कोपऱ्यांना पिना.