रुचिकाचा पायगुण

केजच्या संगमेश्वरची लाल स्पोर्ट्स कार कधी बटण दाबताच डरकाळी फोडायची, तर कधी ढिम्म. मेकॅनिकने बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत सगळं तपासून हात टेकले, तेव्हा संगमेश्वरच्या आईनेच, शिवकांताबाईंनी, रोग ओळखला. "आरं संग्या, रुचिका संगं बसली की चालू व्हती बघ! लक्ष्मीच्या पावलाची हाय माझी सून."

कालपर्यंत याच सुनेला पांढऱ्या पायाची म्हणून त्या कीर्तनालासुद्धा नेत नव्हत्या. आता तिला पुढं बसवून स्वतः मागच्या चिमूटभर सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात.



नवऱ्याच्या रिमोट चावीतला सेल संपलाय आणि गाडी आपल्या पर्समध्ये नुसत्या पडून असलेल्या दुसऱ्या चावीवर चालू होते, हे रुचिकाने अजून कुणालाच सांगितलेलं नाही.