पुढे म्हण

सळई आधी भिंतीवर आदळली. गिलावा फुटून बाळंतिणीच्या केसांत पडला. दुसरा घाव तिच्या खांद्यावर बसला.

“नाव सांग त्याचं,” थोरला भाऊ म्हणाला.

ती बोलली नाही.

थोरला लोहार होता. परगावच्या पुलाचं काम संपवून सकाळीच घरी आला, तर लग्न न झालेल्या बहिणीच्या खाटेशेजारी पाळणा. खांद्यावरची पिशवीसुद्धा त्यानं अजून उतरवली नव्हती. हात उचलला की पिशवीतला जेवणाचा डबा खणखणत होता.

धाकटा भाऊ दाराला पाठ लावून उभा होता. बाहेर कुणीतरी कडी वाजवली, थोडं थांबलं आणि निघून गेलं.

“एरवी कुणाला बोलू देत नाहीस,” धाकटा म्हणाला. “आत्ताच बरी दातखीळ बसली?”

थोरल्यानं तिचे केस मुठीत धरले आणि डोकं खाटेच्या दांडीवर आपटलं. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. अम्मी मध्ये पडली, तर त्यानं कोपरानं तिलाही उडवलं. ती ओट्याच्या कडेवर आपटून खाली बसली.

पहाटे बाळ झाल्यापासून मुलीनं तोंड उघडलं नव्हतं. दाईनं बापाचं नाव विचारलं, तेव्हा तिनं फक्त ओठांवर बोट ठेवलं होतं. अम्मीला वाटलं, लाज असेल. थोरल्याला वाटत होतं, ही मस्ती आहे.

त्यानं सळई तिच्या गळ्यावर आडवी दाबली. त्याचा स्वतःचाच आवाज फाटला.

“अगं, तुझा बाप वाईट माणूस नव्हता! तुझी आई वाईट चालीची नव्हती! मग हे काय करून बसलीस तू?”

ओट्यापाशी बसलेल्या अम्मीनं मान वर केली.

मुलीचा श्वास अडकत होता. तिनं हात उचलला आणि पाळण्याकडे बोट दाखवलं.

“त्याला विचारू?” थोरला ओरडला. “पाळण्यातल्या पोराशी कसं बोलायचं आम्ही?”

“पुढे म्हण,” अम्मी म्हणाली.

सळई जागच्या जागी थांबली.

ते शब्द अब्बांचे होते. याच खोलीत त्यांनी दोन्ही मुलांकडून कुराण पाठ करून घेतलं होतं, अर्थासकट. मुलगी तेव्हा त्यांच्या मांडीवर बसून ऐकायची. मरियमची सूरह, कुराणातला तिच्या नावाचा अध्याय, म्हणताना थोरला नेहमी एकाच जागी अडायचा. कुमारी मरियम बाळ घेऊन आपल्या माणसांत परत येते. तिनं न बोलण्याचा रोजा धरलेला असतो. माणसं अंगावर येतात. तुझा बाप वाईट नव्हता म्हणतात, तुझी आई वाईट चालीची नव्हती म्हणतात. ती बाळाकडे बोट दाखवते. पाळण्यातल्या पोराशी कसं बोलायचं आम्ही, असं माणसं विचारतात. इथे थोरल्याची जीभ थिजायची. अब्बा छडी जमिनीवर आपटायचे. पुढे म्हण.

“भाई...” धाकटा म्हणाला. तो दारापासून बाजूला झाला होता.

थोरल्याचे ओठ हलले. आज त्याला पुढचं स्वच्छ आठवत होतं. पुढे पाळण्यातलं मरियमचं बाळ, ईसा, आईच्या बाजूनं बोलतं.

बाळ मघापासून रडतच होतं. थोरल्याला ते आत्ता ऐकू आलं.