गाठ पक्की शे ना?

"भोंगा वाजवला नाही तुम्ही. माणूस मारला. आणि वरून कागदावर होडी आणून ठेवली!"

रुपचंद धरण खात्याच्या साहेबाच्या टेबलासमोर उभा राहून ओरडला, तसे शेजारच्या टेबलावरचे दोघं चहाचे कप घेऊन बघायला आले. त्यांना हे नवीन नव्हतं. वर्षभरातली ही रुपचंदची सातवी खेप. दर खेपेला एस.टी.नं धुळ्याला यायचं, हेच बोलायचं, आणि साहेबानंही दर खेपेला एकच शब्द विचारायचा.

"पुरावा?"

बाकावर भिकुबाई बसली होती. बुडालेल्या चिंधाची बायको. तिच्यासमोर चौकशीचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं की धरणाचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवला, चिंधा बंदी असताना होडी घेऊन नदीत गेला, होडी उलटली आणि तो बुडाला. होडी वाहून गेल्यामुळे मिळून आली नाही. जी नव्हतीच ती मिळणार कुठून? आणि वाहून गेली असं लिहायला कोणाच्या बापाचं काय जातं?

चिंधा आणि होडी! गावातली शेळीसुद्धा हसेल. चाळीस वर्षं तो आणि रुपचंद काठाच्या एकाच खडकावर बसून गळ टाकत आली. चिंधाला पोहता येत नव्हतं. पुलावरून एस.टी. गेली तरी डोळे मिटून घ्यायचा. पण मरळ मासा म्हटला की येडा. होडीवाले मधल्या डोहात बोलवायचे. हा हसून म्हणायचा, "तुम्ही मासाना घरमा घुसतस. मी दारमा बठस. ज्याले येनं शे तो येस."

मागच्या भादव्यात, सकाळच्या वेळी, पाणी चढायला लागलं. काठावर गळ टाकणाऱ्याला चढतं पाणी म्हणजे सण. गढूळ पाण्यात मासा काठाला येतो. भोंगा वाजला नव्हता, म्हणजे दरवाजे बंद आहेत. वर कुठे सर पडली असेल, असं दोघांनी धरलं. चिंधाला लागोपाठ तीन मरळ लागल्या. पोरासारखा ओरडला, "रुपचंद, गांडूळ सरनात! लई ये!"

रुपचंद केळीच्या बागेत गेला. केळीच्या बुंध्याशी ओल असते, गांडुळं तिथंच मिळतात. अर्धा तास गेला असेल. परत आला तेव्हा खडक नव्हता. नुसतं पाणी. काठच्या बाभळीचा शेंडा तेवढा वर होता.

चिंधा चौथ्या दिवशी सापडला. तीन कोस खाली, पुलाच्या खांबाला अडकलेला. भिकुबाईला कोणी त्याचं तोंड दाखवलं नाही. दाखवण्यासारखं राहिलंच नव्हतं.

तेव्हापासून रुपचंद रोज खडकावर जातो. गळ नेतो, पण टाकत नाही. दोरा ओवायला घेतला की बोटं जड होतात. डाव्या अंगाला, चिंधाच्या जागेवर, कोणीतरी बसलेलं असतं. ओल्या गोधडीचा वास येतो. मान वळवायची हिंमत होत नाही. वळवली नाही तरी ते विचारतंच. जसं तो जिवंतपणी रोज विचारायचा.

"गाठ पक्की शे ना, भाऊ?"

"आज शेवटची तारीख," साहेब म्हणाला. "चौकशी संपली. बाई, इथं अंगठा करा. आणि रुपचंदभाऊ, तुमची होडी काही काठाला लागत नाही बुवा!"

कपवाले खो खो हसले.

भिकुबाईनं अंगठा शाईत बुडवला. थकली होती ती. "जाऊ दे भाऊ," ती म्हणाली. "पानीसंगे कोन भांडस?"

आणि तेव्हा, भर दुपारी, त्या कचेरीत, रुपचंदच्या डाव्या कानाशी पुन्हा आलं. गाठ पक्की शे ना?

त्यानं काखेतल्या पिशवीत हात घातला. काढलं ते थेट त्या कागदावर टाकलं. बैल बांधायचा दोर. मातीनं कडक झालेला. एका टोकाला माणसाच्या कमरेएवढा फास, त्यातली गाठ तशीच. फास मात्र एका जागी सुरीनं कापलेला.

"भाऊ, हाई काय शे?" भिकुबाईचा आवाज बदलला.

रुपचंद तिच्याकडे वळला. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या डोळ्यात बघून बोलला. "वैनी, चिंधा पाण्यात घसरायला भ्यायचा. म्हणून खडकावर बसला की मी त्याला कमरेनं बाभळीला बांधायचो. माशाच्या दोऱ्याला देतो ती गाठ. ओली झाली की आवळते, सुटत नाही. त्या दिवशीही मीच बांधली. दुसऱ्या दिवशी जरा पाणी उतरलं, पहाटे मी गेलो, तर तो तिथंच होता. बाभळीला. गाव म्हणेल, रुपचंदनं बांधून मारला. मी भ्यालो. कमरेचा फास कापला, दोर काढून घेतला आणि त्याला पाण्यात सोडून दिला."

कोणी हसलं नाही. भिकुबाईनं फासावर हात ठेवला, गाठ बोटांनी चाचपली. मग शाईचा अंगठा लुगड्याला पुसून टाकला. रुपचंदकडे तिनं पाहिलं नाही.

साहेब मात्र खुर्चीत पुढे सरकला. चेहऱ्यावर तजेला आला त्याच्या. "म्हणजे तूच मारलंस की त्याला!"

"मारला असेल," रुपचंद म्हणाला. "त्याचा जाब मी वैनीला देईन, पोलिसाला देईन. तुम्ही तुमचा द्या. काठच्या बाभळीला कमरेनं बांधलेला माणूस होडीत बसला कधी?"