तेवढंच रीळ

"गुंडांची टिंगल दिसली, तर तंबू पेटवीन!" असा दम देऊन खराखुरा गुंड जालिंदरदादा टोळीसकट जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत बसला होता. आणि पडद्यावरचा गुंड तर आईच्या लाटण्याला भिऊन कणगीत लपलेला! कुणी हसेना. तंबूमालक हैबतमामांनी गुपचूप पाण्याची बादली जवळ ओढली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने दादाची म्हातारी आई खिदळली, "जाल्या, तूबी अस्साच लपायचास की रं!"

दादाच्या मिशा थरथरल्या. मग तो असा हसला, की तंबूचे दोन खुंट उपटले अन् तिसऱ्या गावातली कुत्री भुंकली.

"मामा, तेवढंच रीळ परत लावा!"

मामांनी ते सतरा वेळा लावलं. त्या सिनेमाचा शेवट गावात अजून कुणालाच ठाऊक नाही.